ट्रिगर तीनशेचा, आणि काकांची पॉलिसी

ओहायोतून एका वाचकाचं पत्र आलंय. थोडक्यात असं:

"मी ३६ वर्षांचा, ग्रीन कार्डवर. पगार १,२०,००० डॉलर, पत्नीचा ४५,०००. मुलगी सहा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या मित्रांबरोबर रेंजवर जायला लागलो आणि ३०० डॉलरला रूगर १०/२२ ही पॉइंट टू-टूची रायफल घेतली. आता तिला बाहेरच्या कंपनीचं चांगलं ट्रिगर गार्ड बसवायचंय, त्याचे ३०० डॉलर. बॅरल, स्टॉक (बंदुकीचा दस्ता) आणि स्कोप (नेम धरायची दुर्बीण) एकदमच बदलले तर १,१०० होतात. पत्नी म्हणते, बंदुकीच्या जवळपास चौपट खर्च तिच्या सामानावर कशाला? मी म्हणतो, रायफलची किंमतही वाढेल. शिवाय पैसे खिशातून जाणार नाहीत. महाराष्ट्र मंडळातल्या एका काकांनी २०२२ च्या जानेवारीत आययूएल ही आयुर्विम्याची पॉलिसी काढून दिली आहे, तिच्यातून बिनव्याजी कर्ज मिळतं. त्या पॉलिसीचे महिना ६०० डॉलर भरता यावेत म्हणून ४०१(के), म्हणजे कंपनीतली निवृत्तीची बचत, तेव्हाच बंद केलं, त्यामुळे बजेटवर ताण नाही. तर ट्रिगर घ्यावा का?"

घ्या.

प्रश्नाचं उत्तर झालं. पण शेवटची तीन वाक्यं वाचून मी यांना पॉलिसीचे कागद आणि कंपनीच्या ४०१(के) चं माहितीपत्रक मागितलं. दोन्ही आलं. त्यामुळे आता बराच वेळ बंदूक बाजूला ठेवणार आहे.

तुमच्या कंपनीचा मॅच डॉलरला डॉलर, पगाराच्या ४ टक्क्यांपर्यंत आहे. म्हणजे तुम्ही ४,८०० घातले की कंपनी आणखी ४,८०० घालते. आधी तुम्ही ६ टक्के भरत होता, वर्षाला ७,२००, महिन्याला ६००. काकांनी पॉलिसीचा हप्ता किती बसवला? महिन्याला ६००. हा योगायोग आहे असं तुम्हाला वाटत असेल तर वाटू दे, मला वाटत नाही. त्यांनी तुमची पगाराची स्लिप पाहिली आणि जिथून पैसे सुटतील तिथेच हात घातला.

तीन वर्षांत मॅचचे १४,४०० डॉलर तुम्ही कंपनीच्या टेबलावर ठेवून आलात. अठ्ठेचाळीस ट्रिगर. शिवाय ४०१(के) मध्ये जाणारे ७,२०० करपात्र उत्पन्नातून वजा होत होते. दोघांचं उत्पन्न धरून तुम्ही २२ टक्क्यांच्या टप्प्यात आहात, म्हणजे वर्षाला १,६०० च्या आसपास कर जास्त भरलात. तो निवृत्तीनंतर कधीतरी भरायचाच होता, मान्य. पण आज भरायची घाई कुणाला होती?

काकांनी सांगितलं की ४०१(के) हा सरकारचा सापळा आहे, साडेएकोणसाठ वर्षांपर्यंत पैसा अडकतो. आणि त्यांनी दिलेल्या पॉलिसीत? तुम्ही आतापर्यंत २१,६०० भरलेत. ताज्या स्टेटमेंटवर अकाउंट व्हॅल्यू १७,४०० आहे. त्याच पानावर दोन ओळी खाली सरेंडर चार्ज, म्हणजे पॉलिसी लवकर मोडण्याचा दंड, ७,६००. आज बाहेर पडायचं तर हातात ९,८००. अडकणं म्हणतात ते याला.

आता आययूएल, म्हणजे इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ: आयुर्विमा, आणि जमा रकमेचं व्याज शेअर निर्देशांकाला बांधलेलं. विकताना एकच वाक्य असतं: बाजार चढला की तुम्ही चढता, पडला की शून्यावर थांबता. ऐकायला इतकं छान आहे की माणूस पुढचं विचारतच नाही. तुमच्या पॉलिसीत वर्षाच्या व्याजाला वरची मर्यादा ९ टक्के आहे, आणि ती विमा कंपनीला बदलता येते. तुमचीच तीन वर्षं घेऊ. एस अँड पी ५०० हा अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक २०२२ मध्ये साधारण १९ टक्के पडला, २०२३ मध्ये २४ टक्के चढला, २०२४ मध्ये २३. शंभराचे ८१, मग १००, मग १२३. लाभांश धरला तर १२९. आययूएलमध्ये लाभांश मिळत नाही, तिथे शंभराचे शंभर, मग १०९, मग ११९. म्हणजे पहिल्याच वर्षी एवढी मोठी पडझड होऊन, 'शून्यावर थांबण्याचा' पुरेपूर फायदा मिळूनही पॉलिसी मागेच राहिली. आणि हे ११९ खर्च वजा करण्याआधीचे. विम्याचा खर्च, प्रशासन खर्च, हप्त्यातून आधीच कापलेला भार हे सगळं बाजार पडलेल्या वर्षीही वजा होतंच. शून्य टक्के व्याज आणि वर खर्च, याला 'नुकसान नाही' म्हणायचं धाडस एजंटच करू जाणे.

काकांनी दिलेलं इलस्ट्रेशनही, म्हणजे पॉलिसीच्या पुढच्या वर्षांचा अंदाजी तक्ता, तुम्ही पाठवलंत, बरं केलंत. त्यांनी पिवळ्या मार्करने रंगवलेला रकाना आहे: वयाच्या ६५ पासून महिना ४,००० डॉलर, करमुक्त. हा रकाना दरवर्षी साडेसहा टक्के धरून काढलाय, ३२ वर्षं सलग. डावीकडचा रकाना रंगवलेला नाही. त्याच्यावर 'गॅरंटीड' असं लिहिलंय. त्या रकान्यात खाली बोट फिरवत जा, ६७ व्या वर्षासमोर शून्य आहे. पॉलिसी संपली, विमा संपला, पैसा संपला. खरं या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी होईल. पण गॅरंटी या शब्दाखाली काय छापलंय ते निदान एकदा वाचायला हवं होतं, आणि वाचून दाखवायचं काम काकांचं होतं.

हेच महिन्याचे ६०० आणि कंपनीचे ४०० तीन वर्षं ४०१(के) मधल्या साध्या एस अँड पी इंडेक्स फंडात गेले असते तर २०२४ अखेर ४५ हजारांच्या वर असते. समोर ९,८००.

बिनव्याजी कर्जाचं घ्या. तुमच्या पॉलिसीच्या कागदात कर्जाचा दर ५ टक्के लिहिलाय. तारण ठेवलेल्या रकमेवर कंपनी तेवढंच व्याज जमा करते म्हणून ते 'बिनव्याजी' म्हणायचं, पण तुमच्याकडे ती सोय दहाव्या वर्षानंतर सुरू होते. तुमचं तिसरं संपलंय. आणि कर्ज असताना मृत्यू झाला तर तेवढी रक्कम विम्यातून वजा होऊनच घरच्यांना मिळते. स्वतःचेच पैसे, सरेंडर चार्जच्या कुलपामागे, व्याज भरून काढायचे, आणि त्याचा स्कोप घ्यायचा! तुमची बँक तुम्हीच, असं काकांनी सांगितलं असणारच. सगळे सांगतात.

मग आता करायचं काय. भरलेले २१,६०० विसरा, ते परत येत नाहीत. प्रश्न पुढच्या महिन्याच्या ६०० चा आहे. सोमवारी ऑफिसात गेल्यावर पगाराच्या पोर्टलवर ४०१(के) पुन्हा ६ टक्के करा. पाच मिनिटांचं काम आहे, त्याला माझी गरज नाही.

पॉलिसी मात्र घाईने बंद करू नका. आधी टर्म विमा. आत्ता तुमच्यावर ५ लाख डॉलरचं छत्र आहे आणि पत्नी-मुलीसाठी तेवढंच आहे. तेही कमीच. दहा वर्षांचा पगार धरला तर १२ लाख होतात, निदान १० लाखांच्या खाली जायला नको. तुमच्या वयात, तब्येत ठीक आणि सिगारेट नसेल तर २० वर्षांच्या १० लाखांच्या टर्मला महिन्याला पन्नास-साठ डॉलर पडतात. दुप्पट विमा, दशांश हप्ता. ती पॉलिसी मंजूर होऊन चालू झाल्याचा कागद हातात आला, की मगच जुनीला हात लावा. मेडिकलमध्ये काही निघालं तर हा सगळा सल्ला बदलतो, तेव्हा मला पुन्हा लिहा.

सरेंडर चार्ज दरवर्षी ७६० ने उतरतो, मग थांबू का, असं तुम्ही विचाराल. हप्ता बंद करून थांबलात तर खर्च वर्षाला १,३०० च्या आसपास कापला जाईल, पाचएक टक्के जमा झाले तर ८७० येतील. उणे ४३०, अधिक ७६०. म्हणजे ९,८०० वर तीनशे-साडेतीनशेची वाढ, साडेतीन टक्क्यांच्या आत. तीही बाजार चांगला गेला तर. यासाठी दहा वर्षं काकांचे फोन घ्यायची माझी तयारी नसती.

कर कायद्याच्या कलम १०३५ खाली ही रक्कम स्वस्तातल्या अॅन्युइटीत, म्हणजे विमा कंपनीच्या निवृत्तीसाठीच्या योजनेत, वळवता येते. मग तुमचे मूळ २१,६०० हिशेबात टिकतात आणि तिथपर्यंतच्या वाढीवर कर लागत नाही. नुसतं सरेंडर केलंत तर हा तोटा करात दाखवता येत नाही. कागदावर चांगला मार्ग आहे. पण तुमच्या बचत खात्यात ४,००० आहेत आणि घरखर्च महिन्याला ७,००० आहे असं तुम्हीच लिहिलंय. तुम्हाला ती चैन नाही. ९,८०० घ्या आणि बऱ्या व्याजाच्या बचत खात्यात टाका. नोकरी गेली तर दोन महिने श्वास घेता येईल.

मंडळात तोंड दाखवायचं कसं, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो आहे हे मला माहीत आहे. या पॉलिसी गणपतीच्या जेवणावळीत, मुलांच्या नाटकाच्या तालमीच्या बाहेर विकल्या जातात, कारण तिथे 'नाही' म्हणणं अवघड असतं. काकांना पहिल्या वर्षीच्या हप्त्यातला मोठा वाटा कमिशन म्हणून कधीच मिळून गेलाय. त्यांना बाप्पाच्या आरतीला नमस्कार करा, आणि विमा कंपनीला पत्र थेट पाठवा. त्यांच्या हातून नको.

आता बंदूक.

मी नेमबाज नाही. पण माझ्या एका क्लायंटने स्वयंपाकघरातल्या टेबलावर ही रायफल उघडून दाखवली होती, त्यामुळे तुम्हाला काय हवंय ते कळतं. नाव गार्ड असलं तरी तो नुसता बोटाभोवतीचा कमानीसारखा तुकडा नाही. ट्रिगर, हॅमर, सिअर (हॅमर अडवून धरणारा खटका), सेफ्टी, सगळा कारखाना त्याच एका डब्यात बसतो आणि डबा आख्खा बदलतो. १९६४ साली आलेली ही रायफल इतकी खपण्याचं ते एक कारण आहे: गनस्मिथ लागत नाही. कारखान्यातून येणारा ट्रिगर ओढायला पाच-सहा पौंड जोर लागतो. रायफलचं वजनच पाच पौंड. बोट दाबताना सगळी बंदूक हलते ती त्यामुळे. बाहेरचे चांगले डबे अडीच पौंडांच्या आसपास असतात, आणि फरक पहिल्याच गोळीला कळतो असं सगळेच सांगतात. तेव्हा हा खर्च मूर्खपणाचा नाही.

पण तीनशेचाच का? रूगर स्वतः बीएक्स ट्रिगर विकते, पावणेतीन पौंडांचा, नव्वदच्या आसपास. उरलेल्या २१० मध्ये साध्या पॉइंट टू-टूच्या अडीच हजारांवर गोळ्या येतात. दोन वर्षांच्या नेमबाजाचा नेम कशाने सुधारेल, ते तुम्ही मला सांगा. बॅरल, स्टॉक, स्कोप सध्या यादीतून काढा. एकदमच बदलू म्हणणारा माणूस घराच्या नूतनीकरणातही असंच फसतो.

किंमत वाढेल हे मात्र डोक्यातून काढा. गाडीला महागडे टायर घातले म्हणून विकताना कुणी जास्त देत नाही. जुना ट्रिगर डब्यात घालून, चिठ्ठी लावून ठेवा. उद्या रायफल विकायची झाली तर तोच परत बसवा आणि नवा वेगळा विका.

पत्नीचं गणित बरोबर आहे, पण यादीत नसलेली एक वस्तू त्यांच्या नजरेतूनही सुटली आहे. घरात सहा वर्षांची मुलगी, आणि तुम्ही चाप हलका करायला निघालात. कुलूप लागणारं लोखंडी कपाट दीडशे-दोनशे डॉलरला मिळतं. ते ट्रिगरच्या आधी. ही माझी सूचना नाही, अट समजा. आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणी एच-वन-बी वर असेल आणि मित्राचं बघून बंदूक घ्यायच्या विचारात असेल, तर थांबा. केंद्रीय कायद्याने त्या व्हिसावर बंदूक बाळगायला मनाई आहे, शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद सोडून. दुकानात जाण्याआधी वकिलाकडे जा.

कपाट २००, ट्रिगर ९०. पुढच्या पगारातून, रोख.

बसवताना आधी मॅगझिन काढा, चेंबर रिकामी आहे ना ते डोळ्यांनी आणि बोटाने पाहा. समोरचा स्क्रू सोडवल्यावर सेफ्टीचं बटण अर्ध्यावर ठेवावं लागतं, नाहीतर स्टॉकमधून ते धूड निघतच नाही. माझ्या क्लायंटने आधी दहा मिनिटं त्याच्याशी झटापट केली होती. आणि डबा धरून ठेवणाऱ्या दोन आडव्या पिना नुसत्या उलटं केलं तरी गळून पडतात, तेव्हा टेबलावर टॉवेल अंथरा. त्यांची एक पिन फ्रिजखाली गेली, ती दिवाळीच्या साफसफाईत सापडली.