कर्व्ह जुळला, पण मॉडेल खरं आहे का?

पेशीतले रेणू सुटे सुटे न पाहता त्यांचं सगळं जाळं एकत्र कसं चालतं, हे मोजमापं, गणित आणि संगणक यांच्या आधारानं समजून घेणं म्हणजे सिस्टिम्स बायॉलॉजी. पुण्यात गणेशखिंड ते पाषाण या एवढ्याशा पट्ट्यात या विषयाशी नातं असलेल्या कितीतरी प्रयोगशाळा आहेत. त्यामुळे प्रश्नही भरपूर येतात. त्यांतले पाच आज घेतले आहेत.

प्रश्न : मॅडम, मी टी.वाय.ला मायक्रोबायॉलॉजी करते. बारावीला गणित सोडलं होतं. मॉडेलिंग शिकायचंय, पण समीकरण दिसलं की धडकी भरते. मला जमेल का? (विद्यार्थिनी, कर्वे रस्ता)

जमेल. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आण. वरून नळाचं पाणी ठरावीक वेगानं पडतंय आणि तळाशी गळती आहे. पातळी जितकी वाढेल तितकी गळती वाढते, असं धर. काही वेळानं येणारं आणि जाणारं पाणी सारखं होतं आणि पातळी स्थिरावते. आता पाण्याच्या जागी एखादं प्रथिन ठेव. नळ म्हणजे त्याची निर्मिती, गळती म्हणजे त्याची घट. बदलाचा वेग म्हणजे निर्मिती वजा (घटीचा दर गुणिले प्रथिनाचं प्रमाण). हे झालं तुझं पहिलं डिफरन्शियल समीकरण.

आता एक प्रश्न मी विचारते. टाकी रिकामी आहे आणि नळ दुप्पट सोडला, तर स्थिर पातळीच्या निम्म्यापर्यंत पाणी लवकर पोहोचेल का? वर्गात विचारलं की बहुतेक हात ‘हो’साठी वर जातात. उत्तर मात्र ‘नाही’ असं आहे. स्थिर पातळी दुप्पट होते, पण तिच्या निम्म्यापर्यंत जायला वेळ तेवढाच लागतो. तो फक्त घटीच्या दरावर ठरतो: ०.६९ भागिले तो दर. ई. कोलाय या जिवाणूमधली बरीचशी प्रथिनं टिकाऊ असतात, पेशी वाढून विभागते तशी ती विरळ होतात. म्हणून तिथे हा वेळ साधारण एका पिढीएवढा येतो. मग जिवाणूला त्याहून चटकन प्रतिसाद द्यायचा असेल तर? प्रथिनानं स्वतःचंच जनुक दाबायचं! सुरुवातीला नळ पूर्ण सोडायचा आणि पातळी आली की आवळायचा. यानं वेळ खरंच कमी होतो, हे रोझेनफेल्ड, एलोविट्झ आणि अलोन या संशोधकांनी २००२ मध्ये जिवंत जिवाणूंवर प्रयोग करून दाखवलं. नुसत्या समीकरणातून निघालेली गोष्ट पेशीत सापडते, तेव्हा होणारा आनंद तुला मिळावा असं मला मनापासून वाटतं. बारावीचं कॅल्क्युलस आणि थोडी संभाव्यता एवढ्यावर सुरुवात कर.

प्रश्न : औषध न दिलेल्या पेशींची तीन सॅम्पल्स आम्ही जूनमध्ये सिक्वेन्सिंगला (आरएनए वाचून कोणतं जनुक किती सक्रिय आहे ते मोजायला) पाठवली आणि औषध दिलेली तीन ऑगस्टमध्ये. किटही बदललं होतं. पीसीए प्लॉटमध्ये (हजारो जनुकांची माहिती दोन अक्षांवर आणणाऱ्या आलेखात) दोन्ही गट स्वच्छ वेगळे दिसतात आणि चार हजार जनुकांची सक्रियता बदललेली निघाली. गाईड खूश आहेत. मला मात्र शंका येते. बॅच करेक्शन (वेगवेगळ्या खेपांमुळे आलेला फरक गणितानं काढून टाकणं) केलं की भागेल ना? (पीएचडी विद्यार्थी, औंध)

नाही भागणार. तुमच्या माहितीत ‘औषध’ आणि ‘ऑगस्ट’ ही एकाच गोष्टीची दोन नावं झाली आहेत. जूनमध्ये औषधाचं एकही सॅम्पल नाही आणि ऑगस्टमध्ये औषधाविना एकही नाही. मग बदल औषधानं झाला, किटनं झाला की पेशी दोन महिने जास्त वाढवल्यानं झाला, हे कोणतंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. बॅचचा परिणाम पुसायला गेलात तर औषधाचाही पुसला जाईल. दोन्ही महिन्यांत दोन्ही प्रकारची सॅम्पल्स असती तर करेक्शनला काही अर्थ होता. इथे औषधाचा आणि बॅचचा परिणाम मुळातच वेगळा करता येत नाही.

पीसीए प्लॉटवरही भाळू नका. माहितीत सर्वांत जास्त चढउतार कोणत्या दिशेनं आहे, एवढंच ते तंत्र सांगतं. तो चढउतार कशामुळे आला, हे त्याला ठाऊक नसतं. (जाता जाता: या तंत्राच्या मुळाशी असलेलं गणित सलग बदलणाऱ्या राशींसाठी दामोदर धर्मानंद कोसंबींनी १९४३ मध्ये मांडलं, ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते तेव्हा. पुढे कार्हुनेन आणि लोएव्ह यांनी ते स्वतंत्रपणे मांडलं आणि बरीच वर्षं फक्त त्या दोघांचंच नाव त्याला चिकटलं. जनुकांमधलं अंतर काढायचं कोसंबींचं सूत्र तर पिकांचे जनुकीय नकाशे करणारे आजही वापरतात. फर्ग्युसन रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक बायॉलॉजीच्या विद्यार्थ्याला हे माहीत असायला हवं.)

मग आता काय करायचं? जूनचा आरएनए डीप फ्रीझरमध्ये शिल्लक असेल आणि चांगला असेल, तर सहाही सॅम्पल्स एकाच किटनं, एकाच रनमध्ये पुन्हा करून घ्या. यानं किटचा गोंधळ जाईल, पेशी वेगवेगळ्या वेळी वाढवल्याचा राहील. खरा उपाय म्हणजे प्रयोग पुन्हा करणं, आणि प्रत्येक वेळी दोन्ही प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी वाढवणं. पैसे नसतील तर निदान दहा-बारा महत्त्वाची जनुकं नव्या, स्वतंत्र सॅम्पल्सवर क्यूपीसीआरनं (एकेका जनुकाचा आरएनए मोजायच्या पद्धतीनं) तपासा. एकाच फ्लास्कमधून भरलेल्या तीन ट्यूब म्हणजे तीन स्वतंत्र सॅम्पल्स नव्हेत, हेही लक्षात असू द्या.

चार हजारांचा आकडा कसा काढला तेही बघा. वीस हजार जनुकं तपासून ‘योगायोगाची शक्यता ५ टक्क्यांहून कमी’ अशी रेघ ओढली, तर काहीही बदललेलं नसतानाही हजारभर जनुकं ‘बदललेली’ निघतात. असे खोटे निकाल आवरणारी बेंजामिनी आणि होखबर्ग यांची १९९५ची दुरुस्ती वापरली आहे ना, याची खात्री करा.

हे सगळं मी कळकळीनं लिहिते आहे, कारण मी स्वतः यात पोळले आहे. पीएचडीच्या काळात ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटवर मी सगळे म्युटंट (जनुकात बदल असलेले वाण) कडेच्या वेलमध्ये आणि मूळ वाण मधल्या वेलमध्ये लावत असे. म्युटंटची वाढ वेगळी दिसली, म्हणून त्यावर मी सात महिने मॉडेल रचलं. शेवटी कळलं की कडेच्या वेलमधलं पाणी जास्त उडून जात होतं आणि फरक त्याचाच होता. जागा चिठ्ठ्या टाकून ठरवल्या असत्या, तर ते पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं असतं. गाईडना हे आजच सांगा. त्यांना वाईट वाटेल, पण पेपर परत येण्यापेक्षा ते बरं.

प्रश्न : माझ्या मॉडेलमध्ये ३० पॅरामीटर (समीकरणांतले ठरवायचे आकडे) आहेत. कर्व्ह सुरेख जुळतो, पण दर वेळी पॅरामीटरच्या किमती वेगळ्याच येतात. प्रोग्राममध्ये चूक आहे का? (एमएस्सी प्रकल्प, हडपसर)

बहुधा नाही. दोनच पॅरामीटर घेऊन बघू. एन्झाइमचा वेग सांगणारं मिखाएलिस आणि मेंटेन यांचं १९१३चं समीकरण तुम्हाला पाठ असेल. एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ म्हणजे सबस्ट्रेट, आणि वेग कमालीच्या निम्मा व्हायला लागणारं त्याचं प्रमाण म्हणजे केएम. एका एन्झाइमचा कमाल वेग १० आणि केएम १००, दुसऱ्याचा कमाल वेग २० आणि केएम २००. सबस्ट्रेट ५ असताना पहिल्याचा वेग ०.४८ येतो, दुसऱ्याचा ०.४९. तुमच्या पिपेटची चूक याहून जास्त असते. म्हणजे कमी सबस्ट्रेटवर कितीही वेळा मोजलंत, तरी हाती लागतं ते फक्त कमाल वेग आणि केएम यांचं गुणोत्तर. आता सबस्ट्रेट २०० घ्या: पहिला ६.७, दुसरा १०. पन्नास रीडिंगना जे जमलं नाही, ते योग्य जागी घेतलेल्या एका रीडिंगनं केलं.

तीस पॅरामीटरमध्ये अशा जोड्या आणि तिकड्या दडलेल्या असतात. गुटेनकुन्स्ट आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये १७ मॉडेल्स तपासली, तेव्हा त्यांतही हेच दिसलं. म्हणून एकच ‘सर्वोत्तम’ किंमत छापू नका. एकेक पॅरामीटर थोडा थोडा सरकवून स्थिर धरा, बाकीचे पुन्हा जुळवा आणि कर्व्ह जुळण्यातली चूक वाढते का ते पाहा. वाढतच नसेल, तर तो पॅरामीटर तुमच्या माहितीतून कळतच नाही. मग जुळणाऱ्या सगळ्या संचांचं भाकीत कुठे फाटतं ते शोधा. पुढचा प्रयोग तिथेच करायचा.

प्रश्न : कॉलेजात साधे लॅपटॉप आहेत. सुपरकॉम्प्युटरशिवाय हे शिकवता येईल का? (प्राध्यापक, चिंचवड)

नक्कीच. हॉजकिन आणि हक्सली यांचं चेतापेशीचं मॉडेल १९५२चं. हक्सलींनी त्याची आकडेमोड हातानं फिरवायच्या गणकयंत्रावर केली. तुमच्या लॅपटॉपवर कोपासी (मॉडेल्स चालवायचं सॉफ्टवेअर) किंवा पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा मोफत चालते. बायोमॉडेल्स या संग्रहातलं एखादं छोटं मॉडेल उतरवून मुलांकडून मूळ पेपरमधली आकृती पुन्हा काढून घ्या. आधी छापून आलेली ४५५ मॉडेल्स अशी तपासून त्याचे निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ४९ टक्के मॉडेल्स पेपरमधल्या माहितीवरून पुन्हा उभी राहिली नाहीत. एककं आणि सुरुवातीच्या किमती लिहून ठेवणं का गरजेचं आहे, हे मुलांना यातून आपोआप कळेल.

आणि जनुकांची यादी एक्सेलमध्ये थेट उघडू देऊ नका. ‘सेप्ट२’ या जनुकाची तिथे २ सप्टेंबर ही तारीख होते. २०२० मध्ये या जनुकाचं नावच बदलून ‘सेप्टिन२’ करावं लागलं.

प्रश्न : मी निवृत्त इंजिनिअर आहे. विमानासारखी अख्खी पेशी संगणकात उभी करून औषधं तपासता येतील का? (वाचक, कोथरूड)

पूल किंवा विमान तुम्ही सुटे भाग आणि ड्रॉइंग हाती घेऊन उभं करता. पेशीचं ड्रॉइंग आपल्याकडे अर्धवटच आहे. तरी २०१२ मध्ये स्टॅनफर्डमधल्या गटानं मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम या ५२५ जनुकांच्या जिवाणूचं पूर्ण मॉडेल केलं. त्यासाठी ९००हून अधिक शोधनिबंधांतली माहिती गोळा केली आणि २८ उपमॉडेल्स एकत्र जोडली. माणसाच्या पेशीत प्रथिनं बनवणारी जनुकंच वीस हजारांच्या आसपास आहेत, म्हणजे पल्ला किती लांबचा आहे ते दिसतंच. एकेका अवयवापुरतं मात्र काम खूप पुढे गेलं आहे. हृदयाच्या पेशीचं मॉडेल डेनिस नोबल यांनी १९६० मध्येच मांडलं होतं. आज औषधानं हृदयाचे ठोके बिघडतील का, हे पाहायला त्याच्या पुढच्या पिढ्या वापरतात. प्राण्यांवरच्या आणि माणसांवरच्या चाचण्या त्यानं थांबलेल्या नाहीत. कोणती चाचणी आधी करावी, हे ठरवायला मदत होते.

त्या मायकोप्लाझ्माच्या मॉडेलमधली मला सर्वांत आवडणारी गोष्ट २०१३ची आहे. एकेक जनुक काढून टाकलं तर जिवाणू किती वेगानं वाढेल, याची मॉडेलची भाकितं काही ठिकाणी प्रत्यक्ष वाढीशी जुळली नाहीत. त्या गटानं नेमकी तीच ठिकाणं धरून काही एन्झाइम्सचा वेग आधीच्या समजुतीपेक्षा वेगळा असणार असा अंदाज बांधला, मग ती एन्झाइम्स प्रयोगशाळेत मोजली, आणि नव्या किमती अंदाजाच्या जवळ निघाल्या.