कॉल बरोबर होता, मग पैसे का गेले?

प्रश्न : ताई, मी बार्शीला एका पतसंस्थेत काउंटरवर असतो. वय ३६. निफ्टी या शेअर निर्देशांकाच्या ऑप्शनमध्ये, म्हणजे त्याच्या चढ-उतारावरच्या करारांत, ट्रेडिंग करतो. महिना ३,००० रुपये भरून एका ग्रुपचे कॉल, म्हणजे काय कोणत्या भावाला घ्यायचं-विकायचं याच्या सूचना, घेतो. त्यांचे दहापैकी सात कॉल बरोबर येतात, हे मी स्वतः मोजलंय. तरी आठ महिन्यांत माझे १ लाख ४० हजार गेले. मध्ये दीड महिना ग्रुपकडे न बघता स्वतःच्या डोक्यानं केलं, तर पैसे आणखी वेगानं गेले. बायकोचं गंठण सोनेतारणात ठेवलंय, तिला निम्मीच रक्कम सांगितली आहे. आता ग्रुपवाले वर्षाची फी १८,००० रुपयांत देतो म्हणतात. दुसऱ्याच्या अभ्यासावर चालावं की स्वतःच्या? सोबत माझ्या एका सौद्याचे सगळे आकडे पाठवतो आहे.
— एक वाचक, बार्शी

उत्तर : आकडे पाठवलेत हे फार बरं केलंत. बहुतेक पत्रांत फक्त ‘तोटा झाला’ एवढंच असतं. तुमचा सौदा मी वहीत मांडून पाहिला आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

ग्रुपवर कॉल आला : १२० ला घ्या, टार्गेट १५०, स्टॉपलॉस १०५. म्हणजे १५० ला नफ्यात विकायचं, १०५ पर्यंत घसरला तर तोटा घेऊन बाहेर पडायचं. तुमच्यासमोर खातेदार उभा होता. त्याचं काम उरकून ऑर्डर टाकेपर्यंत भाव १३६ झाला होता. तुम्ही १३६ ला घेतलंत.

आता बघा. १२० ला घेणारा माणूस ३० रुपये मिळवायला १५ रुपये पणाला लावतो. तुम्ही १४ रुपये मिळवायला ३१ लावलेत. कॉल तोच, टार्गेट तेच, सौदा मात्र पार उलटा झाला. असे दहा सौदे धरा, सात बरोबर आणि तीन चूक. १२० ला घेणाऱ्याचे २१० आले, ४५ गेले, १६५ उरले. तुमचे ९८ आले, ९३ गेले, उरले पाच. त्या वेळच्या ७५ च्या लॉटला, म्हणजे एका सौद्यात घ्याव्या लागणाऱ्या किमान नगांना, हे झाले ३७५ रुपये. दहा सौद्यांच्या वीस ऑर्डरी, ऑर्डरमागे २० रुपये दलाली धरली तरी ४०० होतात. एसटीटी हा व्यवहारावरचा कर आणि जीएसटी वेगळा. ग्रुपची फी तर मी अजून धरलेलीच नाही.

आणि हे सगळं स्टॉपलॉस काटेकोर पाळला तर. तुम्ही लिहिता की भाव १५१ ला टेकला, ग्रुपवर ‘टार्गेट अचिव्ह्ड’ आलं आणि पाठोपाठ ‘१७० साठी होल्ड’. तुम्ही थांबलात, भाव फिरला, शेवटी ८८ ला विकलंत. हा सौदा ग्रुपच्या हिशेबात बरोबर आलेल्या सातांत बसतो आणि तुमच्या खात्यात ३,६०० रुपयांचा तोटा आहे. तुमचं मोजणं चुकलेलं नाही. तुम्ही त्यांचे कॉल मोजलेत, स्वतःचे सौदे मोजले नाहीत.

अभ्यास त्यांचा होता, आणि तो १२० च्या भावाचा होता. १३६ ला घ्यावं का, हा प्रश्न त्यांनी सोडवलाच नव्हता. तो तुमच्या एकट्यापुढे होता.

पण म्हणून ‘स्वतःचं डोकं वापरा’ असं म्हणून मी मोकळी होणार नाही. मी सांगलीत एका सब-ब्रोकरच्या ऑफिसात टर्मिनलवर २२ वर्षं बसले. १७ मे २००४ चा सोमवार मला अजून आठवतो. दिल्लीत सरकार बदलत होतं, नव्या सरकारचं धोरण काय असेल या धास्तीनं सेन्सेक्स एका क्षणी ८०० हून जास्त अंकांनी खाली होता, व्यवहार दोनदा थांबवावे लागले. त्या दिवशी मी माझ्याकडचे सगळे शेअर विकले. मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला मी बरीच वर्षं माझा निर्णय म्हणत होते. शुक्रवारपेक्षा सोमवारी त्या कंपन्यांमध्ये काय बिघडलं, हे मला एका ओळीतही लिहिता आलं नसतं. सेन्सेक्स त्या दिवशी ४,५०० च्या आसपास बंद झाला आणि डिसेंबरअखेर ६,६०० वर होता. ती भीती होती, निर्णय नव्हता. तुमच्या दीड महिन्यात असंच काही झालं असणार. आधीचा तोटा भरून काढायची घाई तुमच्या डोक्याच्या जागी बसली होती.

खरा स्वतःचा निर्णय मी पाहिला तो डिसेंबर २००८ मध्ये. विश्रामबागेतल्या एक निवृत्त शिक्षिका आमच्याकडे यायच्या. त्यांच्याकडे सत्यमचे शेअर होते. १६ डिसेंबरला सत्यमनं मायटास नावाच्या दोन कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलरना घ्यायचं जाहीर केलं आणि गुंतवणूकदारांनी ओरड केल्यावर काही तासांत माघार घेतली. बाई पेपर घेऊन आल्या आणि मला विचारलं, “सॉफ्टवेअरची कंपनी मालकाच्या मुलांच्या बांधकामाच्या कंपन्या कशाला विकत घेतेय?” मला उत्तर देता येईना. तरी मी म्हटलं, माघार घेतलीय ना, थांबा. माझ्या टेबलावर बाहेरून आलेले रिपोर्ट होते, त्यांतलंच बोलले. त्यांनी शेअर विकले. पुढे काही दिवस भाव थोडा वरही आला. ७ जानेवारी २००९ ला सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजूंचं, हिशेब फुगवल्याची कबुली देणारं पत्र बाहेर आलं आणि आदल्या दिवशी १८० च्या आसपास असलेला शेअर ४० पर्यंत घसरला. बाईंकडे गुप्त माहिती काहीच नव्हती. सगळ्यांनी वाचलेलीच बातमी त्यांनी वाचली, आणि प्रश्नाचं उत्तर मिळेना तेव्हा पैसे काढून घेतले. रिपोर्ट वाचणं मी त्यानंतरही सोडलं नाही. त्यातला प्रश्न मात्र स्वतः शोधायला लागले.

आता तुमचं. ऑप्शन आज थांबवा. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये तीन आर्थिक वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला : फ्युचर्स-ऑप्शनमधल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात होते, खर्च धरून सरासरी तोटा सुमारे २ लाख. त्यात हुशार माणसं नव्हती असं नाही. काउंटर सांभाळत, चोरून मोबाइल बघत हे काम जमण्यातलं नाही आणि तुम्ही ते गंठण ठेवून करता आहात.

तीन महिने एक रुपयाही न लावता वही लिहा. कुणाचाही कॉल आला तरी तुम्हाला तो खरोखर ज्या भावाला मिळाला असता तो भाव लिहा. मग तिथून मिळकत किती, जोखीम किती, कशामुळे घ्यायचा, आणि काय झालं तर आपलं चुकलं असं मानायचं. ही शेवटची ओळ लिहिता आली नाही तर तो सौदा सोडा.

त्या ग्रुपला सेबीचा नोंदणी क्रमांक विचारा. रिसर्च अॅनालिस्टचा क्रमांक ‘आयएनएच’नं सुरू होतो आणि सेबीच्या वेबसाइटवर तपासता येतो. नोंदणी आहे म्हणून कॉल खरा ठरतो असं नाही, पण नोंदणीच नसेल तर पुढचं बोलणंच नको.

बायकोला पूर्ण आकडा आज रात्रीच सांगा. गंठण तिचं आहे. आणि ते १८,००० भरू नका, सोनेतारणाच्या खात्यात टाका.