नव्याने बर्फाळ भागात निवासी संकुलाचा व्यवस्थापक झालो आहे. हिवाळ्याची तयारी कशी करावी? बर्फ काढण्याचं कंत्राट हंगामभराचं द्यावं की फेरीनुसार?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "मिठाची चाळीस पोती आणून ठेवली आहेत, आता आणखी काय करू?" ते वाचलं आणि राहवलं नाही. एरवी मी इथे नुसता वाचून जातो.

मी नऊ हिवाळे तीन इमारतींचं एक संकुल सांभाळलं. आमच्या मालकांचाही सगळा जीव त्या पोत्यांत. पोती मोजायची, थप्पी ताडपत्रीने झाकायची, झाली हिवाळ्याची तयारी. चौथ्या हिवाळ्यात काय झालं ते सांगतो, तुमचं उत्तर त्यातच निघेल. न निघालं तर शेवटी बघू.

आमचं पार्किंग उतारावर होतं. वरच्या कडेला भिंत, खालच्या कडेला पावसाच्या पाण्याची जाळी, आणि मधोमध आडवी जाणारी काँक्रीटची पायवाट, जी ब इमारतीच्या दाराशी पोहोचते. एका गुरुवारी रात्रभरात वीस सेंटीमीटर बर्फ पडला. कंत्राटदाराचा माणूस पहाटे प्लाऊ, म्हणजे बर्फ ढकलायचं पातं लावलेली गाडी, घेऊन आला आणि तासाभरात सगळं लख्ख करून गेला. सगळा बर्फ त्याने वरच्या भिंतीला नेऊन लावला, कारण गाडी वळवायला तिथे सोपं पडतं. माणूसभर उंचीचा ढीग. लोक खूश, मालक खूश, मीही खूश. त्या दिवशीच्या नोंदवहीत माझ्याच अक्षरात आहे: "सर्व साफ."

आता हिशेब करा. ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला साधारण शंभर किलो भरतो, ओला असेल तर त्याच्या कितीतरी पट. हजार चौरस मीटरवरचा वीस सेंटीमीटर म्हणजे दोनशे घनमीटर, म्हणजे वीस टन. वितळला की वीस हजार लिटर पाणी. दोन मोठे टँकर मी उताराच्या माथ्यावर उभे करून ठेवले होते आणि वहीत लिहिलं होतं, सर्व साफ.

शनिवारी कडक ऊन पडलं. हवा तीन अंशांवर गेली आणि ढिगाच्या बुडातून पाण्याची एक धार निघाली. बोटाएवढी असेल. ती पायवाटेवरून आडवी होऊन जाळीकडे जात होती. मी ती पाहिली. पाहिली, आणि ओलांडून घरी गेलो. ही गोष्ट मी मालकांना आजतागायत सांगितलेली नाही.

रात्री आभाळ निरभ्र झालं. अशा रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडत राहते आणि हवेपेक्षाही गार होते. पहाटे हवा उणे आठ होती, आणि पायवाटेवर चादरीएवढा बर्फाचा पापुद्रा धरला होता. इतका पातळ आणि स्वच्छ की खालच्या काँक्रीटवरच्या झाडूच्या रेघा दिसत होत्या. नुसती ओली फरशी वाटावी असा. चौथ्या मजल्यावरच्या आजी साडेसहाला कुत्र्याला घेऊन निघाल्या आणि हात टेकवून पडल्या. मनगट मोडलं. कुत्रं त्यांच्याशेजारी बसून होतं, दोरी अजून त्यांच्या हातात होती.

मी धावत पोतं आणलं आणि पसाभर मीठ भिरकावलं. ते तसंच पडून राहिलं, काचेवर साखर सांडावी तसं. साध्या मिठाचं द्रावण प्रयोगशाळेत उणे एकवीसपर्यंत गोठत नाही हे खरं, पण प्रत्यक्षात जमीन उणे नऊच्या खाली गेली की साधं मीठ इतकं हळू काम करतं की केलं न केलं सारखंच. तिथे कॅल्शियम क्लोराइड लागतं. ते विरघळताना स्वतः उष्णता सोडतं आणि उणे पंचवीसच्या आसपासही चालतं. आमच्या चाळीस पोत्यांत ते एकही नव्हतं.

मग बैठक बसली. कंत्राटदार म्हणाला, "करारात लिहिलंय, पाच सेंटीमीटर पडला तर यायचं. शनिवारी एक कण पडला नाही." मालक म्हणाले, "मीठ कमी टाकलं." मी म्हणालो, ढीग चुकीच्या जागी होता, आणि हे मी थंडी सुरू व्हायच्या आधीच सांगितलं होतं. सांगितलं होतं हे खरं, पण तोंडी, तेही जिन्यात. विम्याच्या माणसाने फक्त वही मागितली. शनिवारचं पान कोरं होतं.

पुढच्या आठवड्यापासून मालकांनी मीठ दुप्पट करायला लावलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. वसंतापर्यंत ब इमारतीच्या पायऱ्यांच्या कडांची खपली निघायला लागली. पाणी गोठलं की सुमारे नऊ टक्के फुगतं. मिठामुळे काँक्रीट ओलं राहतं आणि त्यातलं पाणी दिवसभरात जास्त वेळा वितळतं-गोठतं, मग वरचा थर पापडासारखा सुटतो. नवं काँक्रीट असेल तर पहिला हिवाळा त्यावर मीठ घालूच नका, वाळू टाका. वाळू काही वितळवत नाही, पण पाय धरते. जादा मीठ जातं कुठे? जाळीतून ओढ्यात. वीस लिटर गोडं पाणी जलचरांना बाधेल इतकं खारं करायला चमचाभर पुरतं, आणि एकदा गेलेलं मीठ परत काढता येत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. मीठ हे बर्फ काढायचं साधन नाहीच. बर्फ फावड्याने किंवा यंत्राने काढायचा. मीठ लागतं ते बर्फ जमिनीला चिकटू नये म्हणून, आणि चिकटलाच तर ती पकड सोडवायला. म्हणून पडायच्या आधी टाका. २३ टक्क्यांचं मिठाचं पाणी फवारता आलं तर उत्तमच, पण पाऊस येऊन मग बर्फ होणार असेल तर फवारू नका, सगळं धुऊन जातं. दाणे टाकलेत तर दोन दाण्यांत तीन बोटांचं अंतर पुरे. पायाखाली करकर वाजत असेल तर जास्त झालंय, झाडून परत भरून ठेवा.

त्या घटनेनंतर मी स्वतःच्या पैशाने एक इन्फ्रारेड थर्मामीटर घेतला, खटका दाबला की जमिनीचं तापमान दाखवणारा. मालक त्याला माझं खेळणं म्हणत. पण हवामान सांगणारा दोन अंश म्हणतो तेव्हा तो डोक्याच्या उंचीवरच्या हवेबद्दल बोलत असतो, आणि माणूस घसरतो जमिनीवर. रोज सूर्य मावळायच्या सुमारास फेरी मारायची आणि जिथे ओल दिसेल तिथे तो थर्मामीटर रोखायचा. पावसाळी पन्हळीचं तोंड पायवाटेवर सुटतंय का तेही याच फेरीत दिसतं. आमच्याकडे अशा दोन होत्या. तीन वर्षं कोणाच्या लक्षात आल्या नव्हत्या, माझ्याही नाही.

बाकीची तयारी थोडक्यात सांगतो, ती तुम्हाला इतरत्रही मिळेल. जमीन गोठायच्या आत कठड्यांच्या, झाकणांच्या आणि अग्निशमनाच्या नळांच्या कडेला उंच खुणेच्या काठ्या ठोका, बर्फाखाली काही दिसत नाही. त्याच दिवशी सगळ्या कडांचे फोटो काढा, नाहीतर प्लाऊने काय फोडलं आणि आधीच काय फुटलेलं होतं यावर वसंतात भांडण ठरलेलं. रिकाम्या घरांतही तापमान तेरा अंशांच्या खाली जाऊ देऊ नका, नळ फुटतात. संकटकाळी बाहेर पडायचे दरवाजे आतून ढकलून बघा, बाहेर साठलेल्या बर्फाने ते अडतात. आणि बॉयलरच्या धुराची जी नळी भिंतीतून बाहेर येते, तिच्या तोंडापाशी बर्फ साचू देऊ नका. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात उलटा येतो आणि त्याला वास नसतो. यादीतली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

छताबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सपाट छप्पर असेल तर विचारायला हवं होतं. २८ जानेवारी २००६ ला पोलंडमधल्या कातोवित्सेच्या प्रदर्शन-सभागृहाचं छप्पर बर्फाच्या भाराखाली कोसळलं आणि ६५ माणसं गेली. रचनेतही दोष होते, पण बर्फ वेळेवर उतरवलेला नव्हता. किती भार चालेल ते इंजिनियरकडून थंडीआधीच लिहून घ्या. ऐन वेळी पोरांना फावडी देऊन वर चढवू नका.

आता कंत्राट. हंगामभराचं दिलंत तर कंत्राटदार कमीत कमी वेळा येण्यात फायदा बघतो. फेरीनुसार दिलंत तर जास्तीत जास्त वेळा येण्यात. बर्फ दर वर्षी भरपूर पडत असेल तर मी हंगामभराचं देईन, लहरी असेल तर फेरीनुसार. पण खरं सांगू, आमच्याकडे हंगामभराचंच होतं आणि त्याने आजींचं मनगट वाचलं नाही. करारात तीन गोष्टी हव्यात. पाच सेंटीमीटरची अट फक्त प्लाऊपुरती ठेवा. पुन्हा गोठलेल्या बर्फासाठी वेगळं कलम घाला: आकाशातून काही पडो न पडो, तुमचा फोन गेला की अमुक तासांत माणूस हजर. आणि ढीग कुठे लावायचा ते नकाशावर दाखवा, उताराच्या खालच्या अंगाला, जाळीच्या पलीकडे, जाळी मोकळी ठेवून. त्या नकाशावर कंत्राटदाराची सही घ्या. मालकांचीही घ्या. मालकांची आधी घ्या.

वहीत "सर्व साफ" लिहू नका. वेळ, जमिनीचं तापमान, कुठे काय टाकलं, कोणी टाकलं, एवढं लिहा. काही केलं नसेल तर पाहून आलो एवढं तरी लिहा.

एक सांगायचं राहिलं. माझं संकुल लहान होतं, मोठ्या व्यापारी जागेचं गणित मला येत नाही. किती तासांत रस्ता मोकळा करायचा आणि पडलेल्या माणसाची जबाबदारी कोणाची, हे कायदे गावोगावी वेगळे असतात, ते तिथल्या वकिलालाच विचारा. आणि मालकांची बाजू घ्यायची तर त्या पहाटे मीठ कमी होतं हे खरंच आहे. शून्य होतं.

आजींचं मनगट सहा आठवड्यांनी प्लास्टरमधून सुटलं. पुढचे पाच हिवाळे त्या दार उघडायच्या आधी मला खिडकीतून हाक मारून विचारायच्या, "किती आहे रे आज?" मी थर्मामीटर रोखून आकडा सांगायचो, मग कुत्रं खाली यायचं. नकाशाचा नमुना हवा असेल तर खाली लिहा, फोटो टाकतो.