श्रमदानाला माणसं टिकत नाहीत

प्रश्न : गावात समपातळी चर (पावसाचं पाणी अडवायला उतारावर एकाच उंचीच्या रेषेत काढलेले) खोदायला पहिल्या रविवारी चाळीस जण आले, चौथ्या रविवारी नऊ. आखणी, हजेरी, पाणी सगळं मीच बघतो. पोरं पुढे येत नाहीत. काय करावं?

उत्तर : पोरांना पुढे यायला जागाच उरलेली नाही. आठ-दहा जणांचे गट करा. प्रत्येक गटात दोन प्रमुख, एक तरुण आणि एक जाणता. आखणी पूर्णपणे तरुणाकडे द्या. ए-फ्रेम (एकाच उंचीच्या जागा शोधायची, ओळंबा लावलेली A आकाराची चौकट) त्याच्याकडूनच तपासून घ्या : चौकटीचे पाय दोन खुणांवर ठेवून ओळंब्याची दोरी आडव्या पट्टीवर जिथे येते तिथे रेघ, मग पायांची अदलाबदल करून दुसरी रेघ, दोरी दोन्हींच्या मधोमध आली की समपातळी. हे एकदा हाताला बसलं की पोरगा चारचौघांना सांगायला लागतो. चुकलाच तर फक्की (आखणीची पांढरी पूड) पुसा, त्याच्या हातची ए-फ्रेम काढून घेऊ नका.

फक्की शनिवारी संध्याकाळीच पडली पाहिजे. सकाळी माणसं कुदळ टेकवून ताटकळली की पुढच्या रविवारी येत नाहीत. माणशी काम ठरवून द्या, उदाहरणार्थ २ मीटर लांब, ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल. जमीन कडक असेल तर कमी. माती उताराच्या खालच्या अंगाला. मोजणी जाणत्याने करावी, त्याच्या मापावर कुणी हुज्जत घालत नाही.

प्रमुख दर चार रविवारी बदला. सरपंचाच्या घरातलाच पोरगा पहिला नको, बाकीचे तिथेच मागे सरतात.