वडिलांचं छोटं वर्कशॉप आहे, मोठी कंपनी चार-चार महिने बिलाचे पैसे देत नाही, काय करता येईल?

आधी एक सांगा, उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लहान धंद्यांची सरकारी नोंदणी, झालंय का? नसेल तर आजच करून टाका, सरकारी साईटवर फुकट होतं, एजंटला एक रुपया देऊ नका. कारण 2006 च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा) लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यावेच लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या (ती जाहीर करते त्या व्याजदराच्या) तिप्पट व्याज लागतं, तेही दर महिन्याला चक्रवाढ. पण माल देण्याआधीच रजिस्ट्रेशन असेल तर केस पक्की, नंतर केलं की समोरचा वकील तिथेच धरतो.

आणि डिलिव्हरी चलन, म्हणजे माल पोचवल्याचा कागद, जपा हो! आपल्याकडे घरचा धंदा म्हणून सगळं तोंडी चालतं, टेम्पोवाला माल टाकून येतो आणि चलनावर ना सही ना तारीख. गेटवर शिक्का, सही, तारीख तिन्ही घ्या, दिवस मोजायला तोच पुरावा लागतो. तरी नाहीच दिले तर फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे अशा थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, ऑनलाईन अर्ज करा.

गिऱ्हाईक तुटेल ही भीती खरी आहे, म्हणून आधी व्याजाचा आकडा टाकून एक साधं पत्र पाठवा, बऱ्याचदा अकाउंट्सवाले तेवढ्यावरच हलतात. (नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदारांना मात्र हे लागू नाही.)