जळगावात संबळवादकाचं घनवादी (क्युबिस्ट, म्हणजे आकार कोनदार तुकड्यांत मांडणाऱ्या) शैलीतलं 'ओरिजिनल' चित्र विकायला आहे. घेण्याआधी काय तपासावं?

आधी दहापट मोठं दाखवणारं भिंग लावा. रंगांचे बारीक, एकसारखे ठिपके दिसले तर ती कॅनव्हासवरची छपाई आहे. छपाईवर पारदर्शक जेलचे फटकारे मारून फसवतात, म्हणून अंधारात टॉर्च तिरका धरा, म्हणजे फटकाऱ्यांचे उंचवटे दिसतील. घनवादी चित्रात खरी परीक्षा कडांची. संबळ, हात, चेहरा यांचे तुकडे जिथे भेटतात तिथे एक रंग दुसऱ्यावर चढलेला, खालचा थर डोकावणारा हवा. जेलचे फटकारे मात्र या कडांची पर्वा न करता आडवे-तिडवे जातात.

मांडणी पिकासोच्या 1921 च्या 'थ्री म्युझिशियन्स'सारखी असेल, तर हाताने रंगवलेली असूनही ती नक्कलच. मूळ चित्राचा भाव देऊ नका. सही, साल, माध्यम, माप पावतीवर लिहून घ्याच.

तैलरंग जाड असेल तर पूर्ण वाळायला 6 ते 12 महिने लागतात. त्याआधी वॉर्निश (वरून द्यायचा पारदर्शक संरक्षक लेप) नको. चित्र बांधून नेताना, आपल्याकडच्या मे महिन्यात ॲक्रिलिक रंग मऊ पडून बबल रॅपला चिकटतो, फुग्यांचे वळ उठतात. मध्ये ग्लासिन (गुळगुळीत, सहसा न चिकटणारा) कागद घाला, फुगे बाहेरच्या बाजूला ठेवा.