न आलेल्या बायकांचं काय लिहिणार आहेस?

चि. डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. तुझा मेसेज दोनदा वाचला. मिश्री सुटावी म्हणून गावोगाव फिरून बायकांचं समुपदेशन केलंस, सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलंस आणि त्यातल्या बऱ्याच जणी आल्याच नाहीत. आता सिनियर म्हणतात, आलेल्यांचंच ॲनालिसिस कर, बाकीच्यांना 'लॉस्ट टू फॉलोअप', म्हणजे पुढच्या तपासणीला न सापडलेल्या, म्हणून एका ओळीत टाक, सगळे असंच करतात. थिसिस जमा करायची तारीख डोक्यावर आलीय. आणि तू विचारतेस, "मॅडम, यात गैर काही आहे का? टक्केवारी तर छान येतेय."

टक्केवारी छान येतेय हेच तुला खुपतंय, नाहीतर मला लिहिलं नसतंस. म्हणून धीराच्या गोष्टी बाजूला ठेवते. छेद, म्हणजे टक्केवारी काढताना ज्या संख्येनं भागायचं ती, बदलू नकोस. पहिल्या दिवशी वहीत जितक्या बायकांची नावं लिहिलीस, तितक्या सगळ्या शेवटच्या तक्त्यात दिसल्या पाहिजेत. एकही कमी नाही.

कागद घे आणि हिशेब कर. समज, १०० बायका घेतल्यास. ६० परत आल्या, त्यातल्या ३० जणींनी मिश्री सोडलेली. तुझे सिनियर म्हणतील, ६० पैकी ३०, म्हणजे ५० टक्के यश. पण उरलेल्या ४० जणींचं तुला काहीच माहीत नाही. त्यातल्या एकीनंही सोडली नसेल तर यश ३० टक्के, सगळ्यांनी सोडली असेल तर ७०. खरं उत्तर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे. आता तू उन्हातान्हात हिंडून त्या ४० पैकी २५ जणी शोधल्यास आणि त्यातल्या तिघींनीच सोडल्याचं कळलं. मग खालचं टोक ३३ वर येतं आणि वरचं ४८ वर. म्हणजे ज्या ५० टक्क्यांवर थिसिस उभी राहणार होती, तो आकडा खरा असणं शक्यच नव्हतं. हे कळायला कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही. लागते ती एसटी, नाहीतर कुणाची तरी मोटारसायकल.

तंबाखू सोडवण्याच्या संशोधनात याचा नियम ठरलेला आहे. २००५ साली मांडलेलं 'रसेल स्टँडर्ड' सांगतं की जो फॉलोअपला सापडला नाही, त्यानं व्यसन सोडलेलं नाही असंच धरायचं. वगळायचं फक्त मेलेल्यांना आणि पत्ता बदलून कुठे गेले ते कळूच न शकणाऱ्यांना. नियम सिगारेटसाठी केलेला आहे, पण मिश्रीला लावायला काहीच हरकत नाही. तो कडक वाटतो ना? मलाही वाटायचा. पण गावात काम केलेल्या माणसाला त्यामागचं कारण लगेच कळतं. जिनं मिश्री सोडली, ती उपकेंद्रात हसत येते, चार बायकांसमोर दात दाखवते. जिनं पुन्हा लावायला सुरुवात केली, ती आशाताई गल्लीत दिसली की मागच्या दारानं शेतात जाते. न येणं हे बहुतेक वेळा उत्तरच असतं, आणि तू नेमकं तेच पुसायला निघाली आहेस.

आणखी एक गोष्ट तुझ्या मेसेजमध्ये ओझरती आली, मी मात्र तिथेच अडकले. तू बायका घेतल्यास जून-जुलैत. सहा महिने म्हणजे डिसेंबर-जानेवारी. बीड जिल्ह्यात! अगं, दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव ट्रॅक्टरमध्ये बसून ऊसतोडीला जातं, हे सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा, लिहिताना कुणाच्याच डोक्यात कसं आलं नाही? तुझ्यावर चिडत नाही, एथिक्स कमिटीपर्यंत ज्यांनी ज्यांनी तो कागद वाचून सही केली त्या सगळ्यांवर चिडतेय. कोयत्याला जाणारी बाई पहाटे अंधारात उठते, भाकऱ्या थापते, फडात जाते, मोळ्या बांधून डोक्यावरून वाहते. मिश्रीची डबी तिच्या कमरेला असते, कारण भूक आणि झोप दोन्ही मरतात असं तिचं म्हणणं. म्हणजे जिची सुटणं सगळ्यात अवघड, तीच गावात नाही. तिला वगळून उरतात त्या घरी राहणाऱ्या, थोडं बरं असलेल्या. आणि त्यांच्यावरून तू लिहिणार की ग्रामीण भागात समुपदेशन यशस्वी ठरतं.

दुसरा गट माहेरी बाळंतपणाला गेलेल्यांचा. त्याही तुझ्या 'लॉस्ट'मध्ये आहेत. गरोदर बाईनं मिश्री लावली की बाळाचं काय होतं, हे आपल्या मुंबईतल्याच अभ्यासानं दाखवलं. २००४ साली तो ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. घरोघरी जाऊन १,२१७ गरोदर बायका घेतल्या होत्या. बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं, आणि त्या बायकांमध्ये जास्त करून चालायची ती मिश्रीच. म्हणजे ज्या बाईचा निकाल सगळ्यात महत्त्वाचा, तीच तुझ्या तक्त्यातून बाहेर.

हे फक्त व्यसनाचं नाही. तुला पुढे कॅन्सर स्क्रीनिंगमध्ये काम करायचंय म्हणालीस, तिथे तर छेदावरच सगळं उभं आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं १९७१ पासून सिगारेट ओढणाऱ्या सुमारे ९,२०० पुरुषांचा अभ्यास केला. एका गटाच्या छातीचा एक्स-रे आणि थुंकी दर चार महिन्यांनी तपासली. त्या गटात ज्यांना फुप्फुसाचा कॅन्सर सापडला, ते निदानानंतर जास्त वर्षं जगताना दिसले. छेदात फक्त रुग्ण धरले तर स्क्रीनिंग जिंकलं. मग छेदात गटातले सगळे पुरुष धरले, कॅन्सरनं किती मेले ते मोजलं, तर दर हजार व्यक्ती-वर्षांमागे (हजार माणसं एक वर्ष पाहिली तर) तपासलेल्या गटात ३.२ आणि दुसऱ्या गटात ३.०. मृत्यू कमी झालेच नव्हते. आजार लवकर दिसला म्हणून निदानाची तारीख आधी आली, काही असेही कॅन्सर सापडले जे एरवी कधी त्रास देणार नव्हते. घड्याळ आधी सुरू झालं, मरण होतं तिथेच राहिलं.

आणि आता आपल्याकडचं बघ. तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, आजचा धाराशिव. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा आणि फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा अभ्यास केला, त्याचे निष्कर्ष २००९ साली आले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ समूह. एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूच्या, तपासणीच्या गटात ३४,१२६ बायका, त्यात या कॅन्सरनं ३४ मृत्यू. तुलनेच्या गटात ३१,४८८ बायका आणि ६४ मृत्यू. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर. पण तू त्या ३४,१२६ कडे बघ. त्यात अशाही बायका आहेत ज्या तपासणीला आल्याच नाहीत. बोलावलं, आल्या नाहीत, तरी त्याच गटात मोजल्या. म्हणूनच त्या आकड्यावर जगानं विश्वास ठेवला. (तुलनेच्या गटाला तपासणी दिली नाही यावर पुढे कडक टीका झाली. ती मला पटते, त्यावर कधीतरी समोरासमोर बोलू.) मृत्यू कळले कसे? बार्शीची ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ पासून चालू आहे. तिचे कार्यकर्ते रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट बघत बसले नाहीत, गावात जाऊन विचारत राहिले. तुझ्या थिसिसच्या जिल्ह्याला लागून हे घडलं आहे, म्हणून आमच्याकडे असं करणं शक्य नाही, हे मला सांगू नकोस.

मला लोक हट्टी म्हणतात. तुझ्या कानावर आलंच असेल. मी नोकरीत असताना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीच्या एका शिबिरमालिकेचा अहवाल माझ्यापुढे सहीसाठी आला. बॅनर, फोटो, तपासलेल्या बायकांची घसघशीत संख्या. गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखं पातळ ॲसिटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग दिसला की बाई पॉझिटिव्ह, तिच्या हातात जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्याची चिठ्ठी. पुढे त्या चिठ्ठीचं काय झालं, याचा रकानाच अहवालात नव्हता. मी तो रकाना घातला आणि तो भरल्याशिवाय सही करणार नाही म्हणाले. वरिष्ठ म्हणाले, मॅडम, तुमच्यामुळे विभागाचं काम कागदावर कमी दिसतं. माझं प्रमोशन मागे पडलं, तो प्रकल्प दुसऱ्याकडे गेला. मी आणि सिस्टर सुट्टीच्या दिवशी यादी घेऊन निघालो. एका घरी बाई तव्यावर तंबाखू भाजत होती. पानं काळी पडेपर्यंत हलवत होती, धुरानं आम्ही दोघी खोकून बेजार झालो, तिला काही नाही. चिठ्ठी विचारली तर तिनं मिश्रीच्या डब्याखालून काढली. जपून ठेवली होती. जायला दिवसाची मजुरी बुडणार, बरोबर कोण येणार, आणि तिथे गेल्यावर कुठल्या खिडकीशी उभं राहायचं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सिस्टर तिच्याबरोबर गेल्या, उपचार झाले. यादीतल्या सगळ्यांपर्यंत मात्र आम्ही पोचलो नाही. गाडी बंद झाली, पैसे संपले, माझी बदली झाली. प्रमोशनचं मला कधीच विशेष वाटलं नाही. ती उरलेली नावं मात्र अजून सलतात. माझ्याबरोबरच्यांचे पेपर माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत, पण ज्या थोड्यांवर माझं नाव आहे त्यातली कुठलीही संख्या उचल आणि विचार, छेदात कोण कोण आहे. मी सांगू शकते. त्या वेळी मी वाकायला हवं होतं असं आजही कुणी म्हटलं तर मला राग येतो.

असो. काय करायचं ते सांगते.

गाइडना आधी भेट, मेलवर नको. 'मला फॉलोअप वाढवायचा आहे, एथिक्स कमिटीला अमेंडमेंट, म्हणजे आराखड्यातला बदल, देते' एवढंच म्हण. सिनियर काय म्हणाले ते मध्ये आणू नकोस. मुदतवाढ मिळत नसेल तरी बिघडत नाही. आज जेवढं हातात आहे तेवढं, पण पूर्ण छेद ठेवून लिही: मुख्य आकडा सगळ्या बायकांवर, न आलेल्या 'सोडलेली नाही' धरून. त्याखाली दोन्ही टोकं. फक्त आलेल्यांचा आकडा द्यायचाच असेल तर सगळ्यात खाली. आणि आलेल्या विरुद्ध न आलेल्या असा एक तक्ता कर: वय, शिक्षण, किती वर्षं मिश्री, दिवसातून किती वेळा, ऊसतोडीला जाते का. तो तक्ता तुझ्या थिसिसमधलं सगळ्यात कामाचं पान ठरेल, बघच.

शोधायला निघालीस तर टोळीच्या मुकादमाचा नंबर घे, पण त्याला कारण सांगू नकोस. एखादी बाई कुठल्या तपासणीत आहे हे त्याला कळण्याचं काही कारण नाही. टोळी कुठल्या कारखान्याला आहे एवढं कळलं की पुरे. कोप्यांवर, म्हणजे टोळीच्या झोपड्यांवर, संध्याकाळी जा, फडात नको, तिथे तिचा वेळ म्हणजे उसाची मोळी आहे. माहेरी गेलेल्यांसाठी त्या गावच्या आशाताईंना फोन कर. कुणी वारलं असेल तर ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद असते, तिथे विचार. आणि बाईसमोर गेल्यावर "सोडली का?" असं विचारूच नकोस. "काल किती वेळा लावली?" असं विचार. पहिल्या प्रश्नाला ती तुझं मन राखते, दुसऱ्याला खरं सांगते. सिगारेटवाल्यांसाठी फुंकायचं कार्बन मोनॉक्साइडचं यंत्र मागू नकोस, मिश्रीत धूर आत जात नाही, ते काही दाखवणार नाही. लाळेतलं कोटिनिन (शरीरात निकोटिनचं जे बनतं ते) तपासता आलं तर उत्तम, पण निकोटिनचा गम दिला असशील तर तेही पॉझिटिव्ह येईल, हे लक्षात ठेव.

आकडा खाली येईल. बराच खाली येईल. परीक्षक विचारतील, इतकं कमी यश का? तेव्हा छेद सांग. शांतपणे सांग, माफी मागितल्यासारखं नको. समोर बसलेल्यांपैकी एखाद्यानं तरी गावात काम केलेलं असतं.

मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या बायकांची माहिती असलेला मोठा तक्ता, मला पाठव, मी बघते. नावं आणि गावं काढून टाक, फक्त नंबर ठेव. आणि न आलेल्यांच्या ओळी पिवळ्या करून पाठव, पुसून नको.

तुझी,
मॅडम